इश्त्वान : नाव मुकुटाचे, वाट क्षमेची

बाप्तिस्म्याच्या विधीची सुरुवात कशाने होते, हे आपल्यापैकी किती जणांना आठवते? पाण्याने नव्हे, पवित्र तेलाने नव्हे, मेणबत्तीनेही नव्हे. बाळाला घेऊन आईवडील चर्चच्या दाराशी उभे असतात आणि धर्मगुरू त्यांना पहिला प्रश्न विचारतात तो नावाचा. या बाळाचे नाव तुम्ही काय ठेवता? नाव सांगितल्यावर मगच पुढचे सारे. जणू काही ख्रिस्तसभा म्हणते, आधी हा कोण ते सांगा, मग आपण त्याला आत घेऊ.

घरी मात्र आपण नावाचा विचार फार लवकर आटोपतो. कानाला गोड लागले, शेजाऱ्यांच्या मुलाचे नाही, इंग्रजी शाळेत चालेल, झाले! पूर्वी आजी-आजोबांचे नाव नातवंडाकडे जात असे, किंवा ज्या संताच्या सणाला मूल जन्मले त्या संताचे नाव मिळत असे. 1917 च्या धर्मसंहितेत ख्रिस्ती नाव देण्याविषयी धर्मगुरूंना स्पष्ट आज्ञा होती आणि आईवडील दुसऱ्याच नावाचा आग्रह धरत असतील तर त्याला एका संताचे नाव जोडावे असे सांगितले होते. 1983 ची धर्मसंहिता इतकेच सांगते की, ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव देऊ नये. बंधन सैल झाले, पण त्यामुळे आपली जबाबदारी कमी झाली असे नाही. उलट वाढली.

आज आम्ही तुमच्यापुढे एक नाव ठेवणार आहोत. ते आपल्या गावातले नाही, दूर हंगेरी देशातले आहे. पण त्या नावाची कथा ऐकताना आपल्याला आपल्याच घराची आठवण होईल, असे आम्हाला वाटते. त्या कथेत एक प्रश्न दडलेला आहे. माणसाला जे नाव मिळते, त्या नावाप्रमाणे तो वागला नाही तर काय? ते नाव खोटे ठरते का? आणि ज्याच्या हातून क्रूर कृत्य घडले, त्याला आपण संत कसे म्हणावे?

ते नाव आहे इश्त्वान. आपण ज्याला स्टीफन म्हणतो तेच. मूळ शब्द ग्रीक, 'स्तेफानोस', म्हणजे मुकुट. शर्यत जिंकणाऱ्या धावपटूच्या डोक्यावर पानांचा जो गोल गुंफून ठेवीत, तो स्तेफानोस. लॅटिनमध्ये तो स्तेफानुस झाला, पोर्तुगीजमध्ये एश्तेव्हाँव, स्पॅनिशमध्ये एस्तेबान आणि हंगेरियन भाषेत इश्त्वान. 'स्त' अशा जोडाक्षराने शब्द सुरू करणे हंगेरियन जिभेला जड जात असे, म्हणून तिने पुढे एक 'इ' लावला. आपल्याकडे खेड्यातली जुनी माणसे 'इस्कूल' आणि 'इस्टेशन' म्हणत, अगदी तसेच. आणखी एक गंमत म्हणजे हंगेरीत आपल्या शाळेच्या हजेरीपटाप्रमाणे आडनाव आधी आणि नाव नंतर येते. लाडाने इश्त्वानला तिथे 'पिश्ता' म्हणतात.

हे नाव आपल्यालाही परके नाही. गोव्यात जुवे बेटावरच्या एका गावाला संत स्तेफनचेच नाव आहे, सांत इस्तेव्ह. आणि आपल्या मराठी भाषेत ओवीबद्ध क्रिस्तपुराण लिहिणारे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स, जे 1579 साली गोव्यात आले आणि 1619 साली तिथेच देवाघरी गेले, त्यांच्या आडनावात हाच मुकुट होता. पोर्तुगीज त्यांना पाद्री एश्तेव्हाँव म्हणून ओळखत.

या नावाचा पहिला ख्रिस्ती धनी कोण, हे तुम्हाला ठाऊकच आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या आणि सातव्या अध्यायात त्याची कथा आहे. विधवांच्या रोजच्या वाटपात अन्याय होतो अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांच्या सांगण्यावरून शिष्यांच्या समुदायाने सात माणसे निवडली. त्यांतला पहिला स्तेफन. म्हणजे तो आधी पंगतीत वाढणारा सेवक होता आणि नंतर रक्तसाक्षी झाला. लोकांनी त्याला शहराबाहेर नेऊन दगडांनी ठेचले. मरताना त्याने गुडघे टेकून एकच मागणी केली, की या लोकांच्या माथी हे पाप लागू नये. दगड मारणाऱ्यांचे कपडे सांभाळत एक तरुण तिथे उभा होता. त्याचे नाव शौल. तोच पुढे संत पौल झाला. संत ऑगस्टीन आपल्या प्रवचनात सांगत असत की, स्तेफनने प्रार्थना केली नसती तर ख्रिस्तसभेला पौल लाभला नसता.

तेव्हा या नावाचा ख्रिस्ती अर्थ नीट ध्यानात ठेवू या. मुकुट खरा, पण तो सिंहासनावर बसून मिळालेला नाही. दगड खाताना शत्रूला क्षमा केली, म्हणून मिळालेला तो मुकुट आहे.

आता हंगेरीकडे जाऊ. दहाव्या शतकाच्या अखेरीस मग्यार लोकांचा प्रमुख होता गेझा. घोड्यावरून साऱ्या युरोपात लूटमार करणारे हे लोक आता दान्यूब नदीच्या काठी स्थिरावत होते. गेझाने बाप्तिस्मा घेतला, धर्मगुरूंना देशात बोलावले, 996 साली पान्नोनहाल्मा येथे बेनेदिक्तीन मठाची स्थापना केली. पण जुन्या देवांना नैवेद्य दाखवणे त्याने सोडले नाही. मेर्सेबुर्गचे बिशप थीटमार यांनी लिहून ठेवले आहे की, कोणी याबद्दल बोलले तर गेझा म्हणे, दोन्हीकडे देण्याइतका मी श्रीमंत आहे! हसू येते खरे, पण असे गेझा आपल्यातही असतात. रविवारी चर्चमध्ये आणि अमावास्येला मांत्रिकाकडे.

गेझाच्या मुलाचे पहिले नाव वॉयक. तुर्की मुळाचे हे नाव, अर्थ वीर किंवा धनवान. बापाला आपला मुलगा जसा व्हावासा वाटला, तसे त्याने नाव ठेवले. पुढे या वॉयकचा बाप्तिस्मा झाला आणि तो इश्त्वान झाला. हेच नाव का? शेजारच्या बव्हेरियातील पासाऊ धर्मप्रांतातून धर्मप्रसारक हंगेरीत येत होते आणि पासाऊच्या महामंदिराचा आश्रयदाता संत स्तेफन होता. हार्टविक नावाच्या बिशपांनी बाराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या चरित्रात मात्र वेगळे सांगितले आहे. आईला, म्हणजे शारोल्तला, स्वप्नात संत स्तेफनने दर्शन दिले आणि होणाऱ्या मुलाला आपले नाव देण्यास सांगितले. या नावाचा अर्थ 'मुकुट घातलेला' असा होतो, हेही हार्टविक आवर्जून नोंदवतात. कारण हा मुलगा खरोखरीच राजा झाला. पोप दुसरे सिल्व्हेस्टर यांनी पाठवलेल्या मुकुटाने इसवी सन 1000 च्या नाताळात किंवा 1001 च्या पहिल्या दिवशी त्याचा राज्याभिषेक झाला, अशी परंपरा आहे.

मात्र नाव बदलले म्हणून लोक लगेच नव्या नावाने हाक मारतात असे नाही. बिशप थीटमार यांनी राज्याभिषेकाची नोंद केली ती 'वाइक' या जुन्याच नावाने! आपल्याकडेही एखादा माणूस दारू सोडून दहा वर्षे झाली तरी गावात त्याची ओळख जुनीच राहते. आणि कधीकधी त्या जुन्या नावात खोटे काहीच नसते. कारण बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावरून एका क्षणात ओघळते, ते हातापर्यंत पोहोचायला मात्र आयुष्य लागते.

इश्त्वानच्या बाबतीत तसेच झाले. 997 साली गेझा वारला. जुन्या रिवाजाप्रमाणे घराण्यातला वडीलधारा पुरुष गादीवर यायचा आणि त्याने मृत प्रमुखाच्या विधवेशी लग्न करायचे. कोप्पान्य नावाच्या नातेवाइकाने तो हक्क सांगितला. इश्त्वानने वेस्प्रेमजवळ त्याचा पराभव केला. कोप्पान्य मारला गेला. इथपर्यंत ते युद्ध होते. पण पुढे त्याच्या प्रेताचे चार तुकडे करून चार शहरांच्या वेशींवर टांगण्यात आले. एक एस्तेरगोमला, एक वेस्प्रेमला, एक ग्यॉरला आणि एक पार पूर्वेला ज्युलाफेहेरवारला. ज्याच्या नावात मरताना क्षमा करणाऱ्याचा मुकुट होता, त्याच्या राज्याचा आरंभ असा झाला.

न्यायाने सांगायचे तर त्याने चांगलेही पुष्कळ केले. एस्तेरगोमला महाधर्मप्रांत स्थापन केला, इतर धर्मप्रांत उभे केले. दर दहा गावांनी मिळून एक चर्च बांधावे असा कायदा केला. रविवारी शेतात बैल जुंपणाऱ्याचे बैल जप्त होत. आणि मिस्साच्या वेळी कुजबुज करून इतरांना त्रास देणाऱ्या सामान्य माणसाला चर्चच्या ओसरीवर बांधून फटके द्यावेत व त्याचे केस कापावेत, असेही त्याच्या कायद्यात होते. आमच्या मागच्या बाकांवरील मित्रांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे! जेरुसलेम, रोम इथे जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्याने धर्मशाळा बांधल्या. चरित्रकार सांगतात की, तो रात्री वेष पालटून भिकाऱ्यांना पैसे वाटायला जाई. एकदा भिकाऱ्यांनी झोंबाझोंबीत त्याची दाढीच उपटली. राजा रागावला नाही. त्याने पवित्र मरियेचे आभार मानले आणि यापुढे कोणा गरिबाला नाही म्हणायचे नाही असे ठरवले. आपला मुलगा इम्रे याच्यासाठी त्याच्या नावाने उपदेशाचे दहा अध्यायांचे एक छोटे पुस्तक लिहिले गेले. त्यात त्याने नम्रता, दया आणि परदेशातून आलेल्यांचा आदर शिकवला.

पण 1031 च्या सप्टेंबरमध्ये हा इम्रे शिकारीत रानडुकराच्या हल्ल्यात मरण पावला. म्हातारपणी राजाचा आधार तुटला. आता वारस कोण? घराण्यात एक चुलतभाऊ होता, वाझुल. हे नावही ग्रीकच, 'बासिलिओस'वरून आलेले, म्हणजे राजाचा. इश्त्वानला त्याच्या हाती राज्य द्यायचे नव्हते, त्याने बहिणीच्या मुलाला, व्हेनिसच्या पीटर ओर्सेओलोला, पुढे केले. कटाचा संशय आला. वाझुलचे डोळे काढले गेले आणि कानांत वितळलेले शिसे ओतले गेले. आंधळा आणि बहिरा माणूस राजा होऊ शकत नाही, हा त्यामागचा हिशोब. त्याचे तीन मुलगे, आंद्राश, बेला आणि लेवेन्ते, देश सोडून पळाले. नावाने 'मुकुट' असलेल्याच्या राज्यात नावाने 'राजाचा' असलेल्याचे हे झाले. आपल्या भाषेत याला भाऊबंदकी म्हणतात.

हे कोणी केले, यावरही कागदोपत्री बरेच घडले. अल्ताइख मठाच्या जर्मन बखरीत राजाचेच नाव आहे. नंतरच्या हंगेरियन बखरींत सारा दोष राणी गिझेलाच्या माथी मारला गेला. त्याहून आश्चर्य म्हणजे त्याच बखरींत वाझुलच्या तिन्ही मुलांच्या बापाचे नावही बदलले, तिथे दुसऱ्याच एका चुलत्याचे नाव घातले. ज्याचे डोळे काढले, त्याचे नावही वंशावळीतून काढले. आपल्याकडे सातबाऱ्यावरून एखाद्या भावाचे किंवा बहिणीचे नाव अलगद गळून पडते, त्याचीच ही थोरली आवृत्ती.

15 ऑगस्ट 1038 रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या दिवशी, इश्त्वान वारला. मरताना त्याने आपला देश मरियेच्या हाती सोपवला, असे चरित्रात आहे. सेकेशफेहेरवार येथील तिच्याच महामंदिरात त्याला पुरले. त्यानंतर देशात धुमाकूळ माजला. 1046 साली जुन्या धर्माच्या लोकांनी बंड केले आणि इम्रेचे गुरू बिशप गेल्लेर्त यांना ठार केले. बुडापेस्टमधील त्या टेकडीला आज त्यांचेच नाव आहे. त्याच वर्षी वाझुलचा मुलगा आंद्राश परत येऊन राजा झाला. लोकांना वाटले असेल, आता सूड उगवला जाणार, इश्त्वानचे सारे पुसून टाकले जाणार. पण आंद्राशने आंधळ्या केलेल्या बापाचा सूड इश्त्वानच्या धर्मावर उगवला नाही. त्याने मोडलेली चर्चेस पुन्हा उभी केली.

आणि मग आले 1083 साल. गादीवर होता लास्लो, बेलाचा मुलगा, म्हणजे वाझुलचा नातू. याच नातवाने इश्त्वानला संत म्हणून घोषित करण्यासाठी पुढाकार घेतला. ज्याच्या राज्यात आजोबांचे डोळे काढले गेले, त्याच्या कबरीपुढे नातू गुडघे टेकतो! यात राजकारण नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. एका संत राजाचा वारस म्हणवून घेण्यात लास्लोचा फायदा होता. पण माणसाच्या चांगल्या कृत्यात थोडा स्वार्थ मिसळलेला असतो, म्हणून ते कृत्य फुकट जात नाही. तसे असते तर आपल्यापैकी कोणाचेच कृत्य उरले नसते.

हार्टविक यांनी पुढची हकिगत लिहून ठेवली आहे, आणि आमच्या मते या कथेचा गाभा तोच आहे. तीन दिवस उपास झाले. सगळे कबरीभोवती जमले. पण कबरीवरचा दगड हलेना. कितीही जोर लावला तरी हलेना. तेव्हा एकांतवासात राहणाऱ्या कारितास नावाच्या व्रतस्थ स्त्रीने निरोप पाठवला की, राजाचा चुलतभाऊ शालामोन तुरुंगात आहे तोवर हा दगड हलणार नाही. शालामोन हा आंद्राशचा मुलगा. तोही पूर्वी राजा होता. लास्लो आणि त्याचा भाऊ गेझा यांनी 1074 साली लढाईत त्याचा पराभव केला होता आणि पुढे लास्लोने त्याला विशेग्रादच्या किल्ल्यात डांबले होते. लास्लोने त्याला सोडले. पुन्हा तीन दिवस उपास झाले. आणि दगड असा उचलला गेला, जणू त्याला वजनच नव्हते.

कारितास या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे प्रेम. प्रेमाने निरोप पाठवला की, भावाला कोंडून ठेवून तुम्हाला संताची कबर उघडता येणार नाही.

या हकिगतीतला चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. पण तिच्यातला बोध नाकारता येत नाही. इश्त्वानच्या नावाचा जो अर्थ इश्त्वानला स्वतःला पुरता जगता आला नाही, तो त्याच्या कबरीपाशी दुसऱ्याने पुरा केला. इश्त्वानने चुलतभावाला अंधारात ढकलले होते. लास्लोने आपल्या चुलतभावाला अंधारातून बाहेर काढले. तेव्हा कुठे ते नाव संतांच्या यादीत गेले.

आणि क्षमेचे फळ लास्लोला काय मिळाले? शालामोनने सुटल्यावर परदेशी टोळ्या गोळा करून पुन्हा त्याच्यावरच चाल केली. हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. क्षमा केली की समोरचा लगेच सुधारतो, असे आश्वासन प्रभू येशूने कुठेही दिलेले नाही. क्षमा हा व्यापार नव्हे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. नावाप्रमाणे वागता आले नाही तर ते नाव खोटे का? आपल्याकडे म्हण आहे, 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.' ही म्हण आपण दुसऱ्याला हिणवायला वापरतो. पण बाप्तिस्म्याच्या दिवशी आपण सगळेच सोनूबाई असतो आणि सगळ्यांच्याच हाती कथलाचा वाळा असतो. नाव हे आपल्या गुणांचे प्रमाणपत्र म्हणून दिले जात नाही. ते कर्जासारखे दिले जाते. प्रभू येशूने शिमोनाचे नाव पेत्र ठेवले, म्हणजे खडक. त्याच खडकाने कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारले. पण प्रभूने नाव परत घेतले नाही. त्याने त्या नावापर्यंत पोहोचायला पेत्राला आयुष्यभराची मुदत दिली.

मग इश्त्वान संत कसा? यावर दोन सोपी उत्तरे आहेत आणि आम्हाला दोन्ही चुकीची वाटतात. पहिले उत्तर असे की, तो काळच तसा होता, त्यात विशेष काय! पण ज्याचे डोळे काढले, त्याला त्या काळीही तितकेच दुखले. आणि स्तेफनने क्षमा केली तो काळ तर त्याहून जुना होता. पाप जुने झाले म्हणून पुण्य होत नाही. दुसरे उत्तर असे की, अशा माणसाला संत म्हणणे हे ढोंग आहे. पण मग दावीद राजाचे काय, पौलाचे काय, प्रभूबरोबर क्रुसावर टांगलेल्या चोराचे काय? ख्रिस्तसभा एखाद्याला संत म्हणते तेव्हा त्याच्या प्रत्येक कृत्यावर शिक्का मारत नाही. देवाच्या कृपेने या माणसाला अखेर गाठले, एवढेच ती म्हणते. त्याचे वाईट कृत्य वाईटच राहते. ते झाकणारा त्या संताचा मान वाढवत नाही, देवाच्या दयेचा मान मात्र कमी करतो. बखरकारांनी वाझुलचे नाव खोडले. खरे म्हणजे त्याची गरज नव्हती. वाझुलचे नाव ठेवून, त्याच्या वेदना मान्य करूनच इश्त्वानसाठी कृपा मागायला हवी होती.

आज 20 ऑगस्टला हंगेरीत राष्ट्रीय सण असतो आणि बुडापेस्टमध्ये संत इश्त्वानच्या उजव्या हाताच्या अवशेषाची मिरवणूक निघते. सार्वत्रिक ख्रिस्तसभा त्याचा सण 16 ऑगस्टला पाळते. ज्याला 'संत इश्त्वानचा मुकुट' म्हणतात, तो 2000 सालापासून तिथल्या संसद भवनात ठेवलेला आहे. त्याच्या खालच्या भागावर मीनाकामात एका राजाचे चित्र आहे. ते इश्त्वानचे नाही. ते गेझा पहिला याचे आहे, लास्लोच्या थोरल्या भावाचे, म्हणजे वाझुलच्याच दुसऱ्या नातवाचे. बखरीतून आजोबांचे नाव खोडले गेले, पण नातवाचा चेहरा मात्र इश्त्वानच्याच मुकुटावर आहे. देवाचा हिशोब असा असतो.

प्रिय बंधू-भगिनींनो, मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचा फरक आहे. बाळाचे नाव ठेवतो तेव्हा आपण आशीर्वाद देतो. नावे ठेवतो तेव्हा आपण न्यायाधीश होतो. आणि तिसरा एक प्रकार आहे, 'नाव टाकणे'. घरात एखाद्याचे नावच काढायचे नाही. कोणाच्या घरी तो भाऊ असतो, बांधावरून, जमिनीच्या पैशावरून दुरावलेला. कोणाच्या घरी ती बहीण असते, हक्कसोडीच्या कागदावर सही केली नाही म्हणून परकी झालेली. कोणाच्या घरी मुलगा असतो, मनाविरुद्ध लग्न केलेला. मिस्साच्या वेळी शांतीचे चिन्ह देताना आपण अनोळखी माणसाकडे हसून वळतो, आणि चार बाकांपलीकडे बसलेल्या सख्ख्या भावाकडे पाहण्याचे टाळतो.

क्षमा म्हणजे हक्क सोडणे नव्हे, हेही इथे सांगायला हवे. ज्या बहिणीचा वाटा बुडाला, तिला आम्ही गप्प बसायला सांगत नाही. ज्याचे नाव कागदावरून खोडले गेले त्याचे नाव आधी परत लिहिले पाहिजे, तोही क्षमेचाच भाग आहे. पण आपला हक्क मागतानाही भावाला मनाच्या तुरुंगात कायमचे डांबून ठेवता येणार नाही. ठेवले, तर आपल्याही कबरीवरचा दगड जड होईल.

या आठवड्यात आपण एवढे करू या. घरी जाऊन मुलांना त्यांच्या नावाचा अर्थ सांगू, त्या नावाचा संत कोण ते सांगू. नाव मराठी असेल, संताचे नसेल, तरी हरकत नाही, त्या नावात काय मागितले आहे ते सांगू. आणि रात्री कुटुंबाच्या रोझरीत, जे नाव कित्येक वर्षांत घरात उच्चारले गेले नाही, ते एकदा मोठ्याने उच्चारू. पहिल्या दिवशी कदाचित आवाज कापेल. तरी उच्चारू.

हे प्रभू येशू, तू आम्हाला नावाने ओळखतोस. आमच्या नावाला आम्ही अजून पोहोचलो नाही, हे तुला ठाऊक आहे. आम्ही ज्यांचे नाव टाकले आहे, त्यांची नावे आम्हाला पुन्हा घ्यायला शिकव. संत स्तेफना, संत इश्त्वाना, आम्हांसाठी विनंती करा. आमेन.